चार खोल्या आणि अध्यक्षांचं मनोगत

कौशल्याताईंचं डोकं फिरवायचं असेल तर त्यांच्यासमोर एवढंच म्हणावं, "त्या पहाडगंजच्या खोल्या रिकाम्याच पडून असतात ना हो?" झालं! फरीदाबादहून निघालेली मेट्रो शेवटच्या स्टेशनाला लागेल, पण बाईंचं बोलणं संपायचं नाही. एकदा तर शेजारी बसलेल्या सरदारजींनी, ज्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं त्यांनी, शेवटी मान डोलावून "बिल्कुल सही, बहनजी" म्हटलं आणि आपलं स्टेशन नसताना उतरून गेले.

तशा त्या रागीट नाहीत हो. माहेर अंबाजोगाईचं. लग्न होऊन दिल्लीत आल्या, नवरा सुधाकर एका मंत्रालयात नोकरीला, सगळा संसार सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला. गावाकडून आलेला पाहुणा आधी यांच्याकडे जेवणार आणि मग बाजारात जाऊन लेकीबाळींसाठी स्वस्तातले कुर्ते घेणार, हा ठरलेला नेम. कुर्त्यांचा भावही कौशल्याताईच करायच्या. दुकानदार त्यांना लांबून पाहिलं की चेहरा पाडून बसायचे. पुढे सुधाकर रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि मंडळी फरीदाबादला मुलाच्या फ्लॅटवर आली. मुलगा साकेत, सून मृणाल, दोघंही दिवसभर ऑफिसात. पाहुणे आटले. घर चकाचक, ओटा कोरडा, आणि करायला काही नाही. रिकामं बसणं म्हणजे या बाईला शिक्षाच. म्हणून त्यांनी मंडळाच्या खोल्या अंगावर घेतल्या.

या खोल्या काय प्रकरण आहे, ते आधी सांगायला हवं. स्नेहबंध मंडळ ही दिल्लीतल्या मराठी माणसांची जुनी, लहानशी संस्था. पहाडगंजच्या एका गल्लीत खाली टॉवेल-चादरींचं होलसेल दुकान आणि त्याच्या वर मंडळाच्या चार खोल्या नि गच्ची. महाराष्ट्रातून पेशंट घेऊन दिल्लीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात येणाऱ्यांनी तिथे राहावं. पलंग आहेत, गाद्या आहेत, गॅस आहे, कुकर आहे. दुखणेकऱ्याला मऊ भात शिजवून द्यायची सोय असावी, म्हणून कुणा भल्या माणसांनी फार पूर्वी करून ठेवलेली व्यवस्था.

आणि कौशल्याताईंची पद्धत काय, तर नुसता पत्ता सांगायचा नाही. पत्ता सांगून मोकळं होणाऱ्या माणसांचा त्यांना मनस्वी राग. त्या फोनवर सांगायच्या, "हे बघा, स्टेशनच्या पहाडगंजच्या अंगाला बाहेर पडा. समोर हरिदासची चहाची टपरी आहे. त्याला माझं नाव सांगा, तो खोलीपर्यंत आणून सोडेल. खोलीवर मी असेन. हॉस्पिटलला कुठल्या बसनं जायचं ते मी सांगीन, आणि तिथे केसपेपरच्या खिडकीशी आपला माणूस आहे, तो पुढचं बघेल." एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मध्ये माणूस एकटा पडता कामा नये.

पण हे फोन यायचे ते तोंडी ओळखीवर. याला त्यानं सांगितलं, त्याला मेहुण्यानं सांगितलं, असं. लॉकडाऊन आलं आणि ती साखळी तुटली ती तुटलीच. लोक आता कुणाला विचारत नाहीत, मोबाईलला विचारतात. म्हणून मंडळानं एकाकडून वेबसाइट करून घेतली आणि त्यात मजकूर घालायचं काम कौशल्याताईंनी हौसेनं मागून घेतलं. मेट्रोत बसून अंगठ्यानं टाइप करत त्यांनी काय काय म्हणून लिहिलं! केसपेपर कसा काढायचा, पथ्याचा डबा कुठे मिळतो, रक्त लागलं तर कुणाला विचारायचं, थंडीत पेशंटला काय पांघरायला आणायचं, हिंदी येत नसेल तर निदान कुठली पाच-सहा वाक्यं पाठ करून यायची. मायेनं लिहिलेलं एकेक पान.

आणि तरी खोल्या रिकाम्या. गाद्यांवर धूळ बसायला लागली. खालच्या चादरवाल्याला गोदाम हवं होतं, त्यानं मंडळाच्या मागे टुमणं लावलं. समितीतही कुजबुज सुरू झाली, की कुणी येतच नाही तर कशाला सांभाळायच्या? शेवटी अध्यक्ष सूर्यकांतरावांनी सांगून टाकलं, "पाडव्यापर्यंत बघू. पाडव्याच्या सभेत विषय घेऊ." मंडळाचा पाडवा ठरलेला असतो. गच्चीवर गुढी, मग मोठ्या खोलीत सतरंजी टाकून वार्षिक सभा, मग श्रीखंड-पुरी. म्हणजे ज्या खोलीत बसायचं, त्याच खोलीला निरोप द्यायचा. कौशल्याताईंची झोप तेव्हापासून उडाली.

डिसेंबरातली गोष्ट. हॉस्पिटलच्या ओपीडीची वेळ बदलल्याचं कळलं म्हणून कौशल्याताई खात्री करायला स्वतः गेल्या. सकाळचं धुकं. रस्त्याखालच्या भुयारी वाटेत पेशंटांचे नातेवाईक ओळीनं पांघरुणं घेऊन पडलेले असतात, तसे पडले होते. त्यातून कानावर आलं, "अवो, घोटभर च्या तरी घ्या की. काल धरून पोटात काय न्हाई."

पाय जागच्या जागी थांबले. हे तर माहेरचं बोलणं! वळून पाहिलं तर एक बाई नवऱ्याला बसतं करून कागदी पेला त्याच्या ओठाला लावत होती. नवरा अंबादास, बायको गयाबाई. हिंगोलीकडचे. अंबादासच्या हृदयाची झडप खराब, ऑपरेशनची तारीख मिळायची होती आणि तोवर मुक्काम इथेच, भुयारात.

कौशल्याताईंचा आधी जीव कळवळला आणि मग, स्वभावाप्रमाणे, त्या त्या बाईवरच उखडल्या. "अगं, पण आपल्या मराठी माणसांच्या खोल्या आहेत पहाडगंजला! रिकाम्या आहेत! हातात मोबाईल आहे ना तुझ्या? बघायचं नाही का त्यात?"

"बगितलं की ताई," गयाबाई म्हणाली. "दहा बारी बगितलं. दिल्लीत ऱ्हायला मराठी मान्साची जागा, आसं बोलून बगितलं. दर बारीला एकच मानूस यायलाय. शाल पांघरलेला, हातात नारळ. खाली कायबाय छापलंय, त्यात जागेचं नावबी न्हाई. आता त्या मान्साला काय मागावं?"

तिनं मोबाईल पुढे केला. पडद्यावर सूर्यकांतराव. गळ्यात हार, अंगावर शाल, हातात नारळ. वर ठळक अक्षरात ‘अध्यक्षांचे मनोगत’.

हसावं की रडावं तेच कौशल्याताईंना कळेना. त्यांनी तिथल्या तिथे दोघांची बोचकी उचलली, ऑटो थांबवली, भाव न करता बसल्या (यावरून त्यांची अवस्था ओळखा) आणि दोघांना पहाडगंजच्या खोलीत नेऊन टाकलं. कुकर लावला. अंबादासनं गरम वरणभात खाल्ला आणि तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला. गयाबाई न्हाणीघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. गरम पाण्याचा आवाज येत राहिला. कौशल्याताई बाहेर गॅसपाशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

घरी आल्या त्या धुमसतच. जेवायला बसल्यावर बांध फुटला. साइट बनवणाऱ्यापासून गूगलपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. सुधाकर खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. पस्तीस वर्षांत ते एवढं शिकले होते. साकेत ऑफिसच्या कामानं बंगलोरला होता, तो सुटला. मृणाल मात्र ऐकता ऐकता थांबली.

"आई, साइट दाखवा ना मला."

आता मृणाल काय काम करते, हे कौशल्याताईंना नीट माहीतच नव्हतं. गुरुग्रामला गाद्या विकणाऱ्या एका कंपनीत जाते, एवढं ठाऊक. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "कॉम्प्युटरवर काहीतरी जोडत असते बाई." सासू-सुनेचं भांडण नव्हतं, पण विषयच नव्हता. चहा झाला का, झाला. डबा घेतलास का, घेतला. त्यापुढे गाडी सरकायची नाही.

मृणालनं लॅपटॉप ताटाशेजारीच उघडला. एरवी यावर एक भाषण झालं असतं. तिनं बराच वेळ इकडून तिकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, पथ्याच्या डब्याचं पान किती छान लिहिलंय तुम्ही. पण यावर यायचं कुठून?"

"कुठून म्हणजे? आहे ना तिथेच."

"तिथे म्हणजे कुठे? पहिल्या पानावरून इकडे यायला वाटच नाहीये. केसपेपरच्या पानावरून खोल्यांकडे जायला वाट नाही. खोल्यांच्या पानावरून डब्याकडे नाही. सगळी पानं सुटी सुटी, एकेकटी बसलीयेत. वेबसाइटवर एका पानातून दुसऱ्या पानात जायची वाट म्हणजे लिंक. वाचणारा तिच्यावरून जातो आणि गूगलही तिच्यावरूनच फिरतं. जिथे वाट जात नाही तिथे ते सहसा पोचत नाही. पोचलं तरी म्हणतं, घरचेच लोक इकडे फिरकत नाहीत, म्हणजे इथे खास काही नसणार."

"मग सूर्यकांतराव कसे दिसतात सारखे?"

मृणालनं ओठ दाबून हसू आवरलं. "कारण प्रत्येक पानाच्या वर त्यांच्या मनोगताची लिंक आहे. आणि खाली परत आहे. तुमच्या सगळ्या पानांनी मिळून गूगलला ओरडून एकच गोष्ट सांगितलीय, की आमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचं काय, तर अध्यक्षांचं मनोगत. यार, हे केलं कुणी?"

सुधाकरांनी पाण्याचा पेला उचलला आणि त्याच्या आडून बायकोकडे पाहिलं.

"मी केलं," कौशल्याताई म्हणाल्या. "मग काय! कुठली पत्रिका अध्यक्षांच्या नावाशिवाय सुरू होते? वर त्यांचा मान, खाली आभार. रीत आहे ती!"

सुधाकरांना ठसका लागला. मृणालनं पुढे विचारलं, "आणि मधे एकही लिंक का नाही दिली?"

"अगं, माणूस मन लावून वाचतोय, त्याला मधेच म्हणायचं, ऊठ, तिकडे जा? जेवत्या माणसाला कुणी ताटावरून उठवतं का?"

यावर मात्र मृणाल मनापासून हसली. कौशल्याताईंना वाटलं, सून आपली टर उडवतेय. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. पण ती लगेच म्हणाली, "आई, स्टेशनवर उतरलेल्या माणसाला तुम्ही फोनवर काय सांगता, ऐकलंय मी. हरिदासकडे जा, तो खोलीवर सोडेल, मग बस, मग खिडकीवरचा माणूस. त्याला कुठे एकटं सोडता का? साइटवर मात्र तुम्ही प्रत्येकाला एकाच खोलीत घालून बाहेरून कडी लावलीय."

कौशल्याताई गप्प झाल्या. ही गोष्ट त्या घरात इतकी दुर्मीळ की सुधाकरांनी पेला खाली ठेवून नीट पाहिलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "अगं बाई. म्हणजे गयाबाई माझ्यामुळेच भुयारात झोपली की!"

"झोपली होती. आता खोलीत झोपलीये," मृणाल म्हणाली आणि तिनं सासूच्या ताटात भाजी वाढली.

उपाय कळला, पण घोडं अडलं ते सूर्यकांतरावांपाशी. त्यांचं मनोगत सगळ्या पानांवरून काढायचं, हे त्यांना सांगणार कोण? चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, मंडळाच्या कार्यक्रमात खुर्ची पुढे-मागे झाली तरी मनाला लावून घेणारे. आणि पाडव्याला खोल्यांचं भवितव्य त्यांच्याच हातात! मृणाल म्हणाली, "न सांगता काढून टाकू, त्यांना कळणारसुद्धा नाही." पण चोरून काही करणं कौशल्याताईंच्या रक्तात नव्हतं. त्या मेट्रोत वाक्यांची तालीम करत मयूर विहारला पोचल्या. सोबत मृणाल, आणि धीर यावा म्हणून डबाभर करंज्या.

करंज्या संपल्या तरी मुख्य विषय निघेना. थंडी झाली, प्रदूषण झालं, गुडघे झाले. शेवटी कौशल्याताईंनी डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं. भुयार, गयाबाई, मोबाईल, शाल, नारळ, सगळं.

सूर्यकांतरावांनी करंज्यांचा रिकामा डबा बाजूला सरकवला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. कौशल्याताईंना वाटलं, आटोपला कारभार.

"कौशल्याताई," ते म्हणाले, "ते काढता येतं?"

"म्हणजे?"

"अहो, ते मनोगत काढता येतं का? आठ वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेतलं आहे ते! तेही मी लिहिलेलं नाही, तेव्हाच्या चिटणीसांनी लिहून दिलं होतं. ‘स्नेहाच्या सरितेत न्हालेले आपण सारे’ म्हणे! माझ्या विहीणबाईंनी दिल्लीत पुरणपोळी कुठे मिळते ते शोधलं, तर पडद्यावर मी. नातीच्या मैत्रिणी मला ‘सरितावाले आजोबा’ म्हणतात. मला वाटायचं, तुम्ही मंडळींनी इतक्या प्रेमानं लावलंय, काढा कसं म्हणू?" ते पुढे झुकले. "पण ती बाई थंडीत बाहेर झोपली आणि मी नारळ घेऊन उभा, हे काही बरं नाही झालं. आजच काढा."

कौशल्याताईंचा जीव असा भांड्यात पडला की त्यांना परतीच्या वाटेवर आपोआप हसू फुटत होतं. पुढे रोज संध्याकाळी मृणाल ऑफिसमधून आली की सासू-सुना लॅपटॉपपुढे. मनोगत सगळीकडून निघालं; रीत म्हणून एका कोपऱ्यातल्या अध्यक्षांच्या पानावर तेवढं ठेवलं. पहिल्या पानावर मधोमध एकच गोष्ट आली: ‘पेशंट घेऊन दिल्लीला येताय? इथून सुरुवात करा.’ तिथून खोल्यांकडे, खोल्यांकडून केसपेपरकडे, केसपेपरकडून डब्याकडे वाटा निघाल्या.

अर्थात लगेच जमलं असं समजू नका. लिंक देता येतात हे कळल्यावर कौशल्याताईंना त्याचा नादच लागला. एका शनिवारी मृणाल माहेरच्या लग्नाला पुण्याला गेली आणि परत येऊन पाहते, तर पान उघडल्यावर सगळं निळं! भात शब्दाला लिंक, बस शब्दाला लिंक, देव शब्दालाही लिंक. ती दाबली की गणेशोत्सवाचं पान.

"आई, अहो, चौकात उभं करून बारा वाटा दाखवल्या तर माणूस जाणार कुठे?"

"मग किती द्यायच्या?"

"आकडा नाही. हे वाचून संपलं की त्या माणसाला पुढे काय लागेल, तेवढंच द्यायचं. आणि ‘इथे क्लिक करा’ असं नाही लिहायचं. काय मिळणार ते लिंकच्या शब्दांतच सांगायचं. ‘पेशंटसाठी बिनतिखटाचा डबा’, असं. वाचणाऱ्यालाही कळतं, गूगललाही."

पुढे काय लागेल? हे विचारायला कौशल्याताईंहून योग्य माणूस सबंध दिल्लीत नव्हतं. डोळ्यांपुढे गयाबाई आणायची. तारीख मिळाली, आता तिला काय लागेल? मुक्काम. मुक्काम झाला, आता? स्वयंपाक. ऑपरेशन झालं, आता? परतीच्या गाडीत पेशंटला झोपवून न्यायची सोय. ते पान तर लिहिलेलंच नव्हतं, ते लिहून काढलं. मृणाल जोडत गेली. मध्येच ती म्हणाली, "आई, आमच्या ऑफिसात हे सांगणारा माणूस नाही हो. गादी घेतलेल्याला आम्ही पुढे नुसत्या उश्या दाखवत बसतो." कौशल्याताईंनी "चल गं, काहीतरीच!" म्हणून हात उडवला, पण त्या दिवशी रात्रीच्या स्वयंपाकात मृणालच्या आवडीचं भरलं वांगं झालं.

अंबादासचं ऑपरेशन जानेवारीत झालं. तो खोलीत राहून बरा झाला आणि पाडव्याच्या सुमाराला तपासणीला यायचं सांगून दोघं गावी गेली. आणि खोल्या परत रिकाम्या. फेब्रुवारी उजाडला तरी फोन नाही. कौशल्याताई दिवसातून दहादा मोबाईल उचलून पाहायच्या, बंद तर पडला नाही ना म्हणून. चादरवाला एकदा जिन्यात मोजपट्टी घेऊन उभा दिसला. बाईंनी त्याला असं काही फैलावर घेतलं की बिचारा मोजपट्टी तिथेच टाकून पळाला. पण घरी आल्यावर त्या मटकन सोफ्यावर बसल्या.

"काही उपयोग नाही झाला गं," त्या मृणालला म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "इतकी खटपट केलीस तू. पण नाही आलं कुणी. पाडव्याला जाणार खोल्या."

"आई, याला वेळ लागतो. गूगलनं नव्या वाटेवरून एकदा फिरून जायला हवं, मग परत यायला हवं. आमच्याकडेही महिने जातात."

"महिने आहेत कुठे आपल्याकडे?"

मृणालनं चहा करून आणला. ती सासूजवळ बसून राहिली.

मार्च लागला आणि एका दुपारी फोन आला. परभणीचा एक मास्तर, मुलीच्या कानाचं ऑपरेशन. "साइटवर केसपेपरचं वाचत होतो, तिथून तुमच्या खोल्यांचं कळलं." दुसऱ्या दिवशी जळगावहून. मग धुळ्याहून एक म्हातारं जोडपं, त्यांच्या नातवानं डब्याचं पान पाहून पत्ता काढलेला. मग तर हरिदास चहावाल्याचाच फोन, "बहनजी, आज कितने भेजूँ?" कौशल्याताई सकाळी फरीदाबादहून निघायच्या ते दिवेलागणीला परत. गुडघे दुखतायत की नाही, हे बघायलाही सवड नाही. सुधाकर घरी कुकर लावायला शिकले.

पाडवा उजाडला. कौशल्याताई, सुधाकर आणि मृणाल सकाळीच पहाडगंजला पोचले, गच्चीवर गुढी उभारली. समितीची मंडळी जिना चढून आली. पुढे सूर्यकांतराव, झब्बा-जाकिटात, आज शाल नाही. सवयीनं त्यांनी मोठ्या खोलीचं दार ढकललं आणि ते तसेच मागे सरकले. आत परभणीची मुलगी कानाला पट्टी बांधून चित्र काढत बसली होती. दुसरी खोली उघडली, तिथे धुळ्याचे आजोबा ऑक्सिजनची नळी लावून पडलेले. तिसरीत बाळंतीण. चौथीत पाटावर बसून अंबादास गरम उपमा खात होता. तपासणीला कालच आला होता, चांगला अंगानं भरलेला.

"अहो कौशल्याताई," सूर्यकांतराव म्हणाले, "मग सभा घ्यायची कुठे?"

"गच्चीवर," कौशल्याताई म्हणाल्या. "खाली जागा नाही."

जागा नाही! हे दोन शब्द उच्चारायला त्यांना किती वर्षं लागली होती. तेवढ्यात गयाबाई उपम्याची कढई घेऊन बाहेर आली. तिनं सूर्यकांतरावांकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि किंचाळलीच, "अगं बया! ह्योच की त्यो! शालवाला! आताशा दिसना झालाव तुमी. गावच्या एकीला दावायला बगितलं, तर पैलंच ह्या खोल्यांचं येतंय."

समितीतल्या मंडळींना घाम फुटला. सूर्यकांतरावांनी मात्र हात जोडले आणि खो खो हसत म्हणाले, "हो बाई, मीच तो. बरं झालं, दिसेनासा झालो."

सभा गच्चीवर बसली. विषयपत्रिकेत चौथा विषय होता, खोल्यांबाबत निर्णय. चिटणीसांनी तो वाचायला तोंड उघडलं तर सूर्यकांतराव म्हणाले, "पुढचा घ्या." बस्स, इतकंच. एवढ्यासाठी बाई चार महिने नीट झोपली नव्हती! कौशल्याताईंनी गुढीच्या काठीला टेकून डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. समितीतल्या एकीनं पुरी खाता खाता विचारलं, "ही तुमची सून ना? काय करते?"

"गाद्यांच्या कंपनीत आहे," कौशल्याताई ऐटीत म्हणाल्या. "आपल्याही गाद्या हिनंच भरल्यात."

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. हरिदास होता. स्टेशनवर नंदुरबारचं एक कुटुंब उतरलं होतं, तान्हं मूल आजारी, हॉस्पिटलची तारीख उद्याची. कौशल्याताईंचा चेहरा खर्रकन उतरला. खाली खरोखरच जागा नव्हती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, पण फरीदाबाद पडलं लांब.

"माझ्याकडे पाठवा," सूर्यकांतराव म्हणाले. "मयूर विहारला वरचा मजला मोकळाच आहे. आम्ही दोघंच तर असतो. पण नुसता पत्ता देऊ नका हां त्यांना, हरिदासला सांगा थांबवून ठेव. मी स्वतः जातो घ्यायला." आणि ते पुरी अर्धी टाकून उठलेसुद्धा. जिन्याशी थांबून म्हणाले, "आणि हे तुमच्या त्या साइटवरही घाला. खोल्या भरल्या असतील तर काय करायचं, म्हणून."

मृणालनं तिथेच गच्चीच्या कठड्यावर लॅपटॉप ठेवून खोल्यांचं पान उघडलं. शेवटी एक ओळ लिहिली, ‘खोल्या भरल्या असतील तर मयूर विहारला राहायची सोय’, आणि सासूकडे पाहून विचारलं, "आई, याची लिंक कुणाच्या पानावर द्यायची?"

कौशल्याताईंनी जिना उतरणाऱ्या पाठमोऱ्या सूर्यकांतरावांकडे पाहिलं.

"अध्यक्षांच्या," त्या म्हणाल्या. "पण ते मनोगत काढ आधी, आणि त्यांचा फोन नंबर घाल."